पिवडी की मोरपंखी: एका मधल्या खोलीचं प्रकरण

पुण्यात, कोथरूडच्या बाजूला, १९९०च्या दशकात बांधलेली तीन मजली सोसायटी. तिथल्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या एका घरात मधल्या खोलीच्या रंगावरून काम अडलं होतं. बाकीच्या खोल्यांचे रंग एका संध्याकाळी ठरले होते. या खोलीसाठी मात्र सासूबाईंना पिवडीसारखा मातकट पिवळा हवा होता आणि सुनेला गडद मोरपंखी. दिवाळी महिन्यावर आली होती आणि रंगारी रोज फोन करत होता. घरसजावटीचं काम करणारी म्हणून मला बोलावलं तेव्हा मुलाने दारातच सांगितलं, "मी दोघींच्या मध्ये पडणार नाही. तुम्हीच काय ते बघा."

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की अशा वादात बहुतेक वेळा आवडीनिवडीचीच चर्चा होते. या घरात आवड बाजूला ठेवून आम्ही उजेड, डोळे आणि खोलीचा वापर तपासला, आणि उत्तर तिथे सापडलं.

आधी खोली. १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ. खिडकी एकच, उत्तरेला, आणि तिच्यासमोर जेमतेम १५ फुटांवर शेजारची पाच मजली इमारत, विटेसारख्या लालसर रंगाची. जमिनीला करडी मोझॅक फरशी. पश्चिमेच्या भिंतीवर जमिनीपासून वरपर्यंत सात फूट रुंद कपाट, त्याला गडद सागवानी सनमायका. दाराची चौकटही तशीच गडद. भिंतींना जुना क्रीम डिस्टेंपर, खिडकीखाली लोणा लागून पोपडे सुटलेले.

आता वापर. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत खोली सासूबाईंची. त्या खिडकीपाशी बसून गोधड्या शिवतात, पेपर वाचतात, जेवणानंतर तिथेच आडव्या होतात. संध्याकाळी सहापासून साडेनऊपर्यंत तिथे सुनेचं टेबल चालू असतं, कारण तिचे सहकारी परदेशात आहेत. साडेनऊनंतर आजी आणि नात तिथे झोपतात. म्हणजे दोघी एकाच खोलीत राहत असल्या तरी एकाच उजेडात राहत नव्हत्या. दोघींनी आपापला रंग निवडला होता तोही आपापल्या वेळेच्या उजेडात.

सुनेची बाजू मला मनापासून पटत होती. लग्नाआधी आणि नंतरही ती वर्षानुवर्षं भाड्याच्या घरांत राहिली होती. घरमालक देईल तो क्रीम किंवा ऑफव्हाइट, खिळासुद्धा विचारून ठोकायचा. स्वतःच्या घरात भिंतीला ठसठशीत रंग असावा ही तिची इच्छा फॅशनपोटी आलेली नव्हती. शिवाय कॅमेऱ्यासमोर बसल्यावर पिवळ्या भिंतीची झाक चेहऱ्यावर येते, ही तिची तक्रारही खरी होती. रंगीत भिंतीजवळ बसलं की तिच्यावरून परतणारा उजेड कातडीवर पडतोच.

सासूबाईंचं म्हणणं थोडक्यात होतं: "मला सुईत दोरा ओवता आला पाहिजे."

दुकानातून आणलेल्या शेडकार्डावरचा काडेपेटीएवढा तुकडा बघून भिंतीचा रंग ठरवणं मला धोक्याचं वाटतं. भिंतीवर तोच रंग कार्डापेक्षा जास्त भडक दिसतो. चार भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, आणि प्रत्येक वेळी परतताना त्या उजेडात रंगाची भर पडत जाते. म्हणून कार्डावर शांत वाटलेला पिवळा खोलीत अंगावर येतो. आम्ही दोन्ही रंगांचे नमुना डबे आणले आणि तीन बाय दोन फुटांच्या हार्डबोर्डांवर प्रायमर मारून वर दोन-दोन हात दिले. थेट भिंतीवर पट्टे मारले नाहीत, कारण एक तर मागचा क्रीम रंग डोळ्याला फसवतो, आणि दुसरं म्हणजे बोर्ड उचलून खिडकीजवळ, कोपऱ्यात, कपाटाशेजारी असा कुठेही नेता येतो. रंगाचा ओला बोर्ड बघून कुणालाही मत द्यायला मनाई होती. इमल्शन ओलं असताना दुधाळ दिसतं, सुकल्यावर गडद होतं.

आणखी एक अट घातली: दोन्ही बोर्ड शेजारी शेजारी ठेवायचे नाहीत. मिशेल शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यात रंगाई विभाग सांभाळत होता. काळा रंग नीट बसत नाही अशी तक्रार त्याच्याकडे आली, आणि शोध घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की दोष रंगाचा नसून शेजारच्या धाग्यांचा आहे. शेजारचा रंग बदलला की तोच काळा वेगळा दिसतो. १८३९ साली त्याने यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पिवळा आणि निळसर हे जवळजवळ विरोधी रंग. ते शेजारी ठेवले की पिवळा अधिक पिवळा आणि निळा अधिक निळा दिसतो. घरात वाद पेटायला हेही एक कारण होतं. दोघी दोन्ही कार्डं शेजारी धरून बघत होत्या, त्यामुळे प्रत्येकीला दुसरीचा रंग होता त्यापेक्षा जास्त टोकाचा वाटत होता.

मग वेळा लावून बघायला सुरुवात केली. ऑक्टोबरचं लख्ख ऊन होतं. सकाळी नऊला, समोरच्या भिंतीवर ऊन यायच्या आधी, खोलीत आकाशाचा निळसर, मंद उजेड होता. त्यात मोरपंखी खोल आणि सुंदर दिसला, पिवडी जरा मळकट. साडेअकरानंतर चित्र उलटलं. समोरच्या इमारतीची दक्षिणेकडची बाजू उन्हात आली आणि तिचा लालसर उजेड आमच्या खोलीत येऊ लागला. मोरपंखी रंग तांबडा उजेड जवळजवळ गिळूनच टाकतो, आणि त्याला परतवायला लागणारा निळा-हिरवा उजेड त्या वेळी कमी. बोर्ड राखाडी, निर्जीव पडला. आणि पिवडी? ती थेट केशरी झाली. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "हे फार झालं बाई, देवळात बसल्यासारखं वाटतंय."

दिवेलागणीच्या आधी, खोलीत दिवे न लावता बघितलं तेव्हा मोरपंखीने पुन्हा बाजी मारली. उजेड अगदी मंदावला की आपली नजर पिवळ्या-तांबड्यापेक्षा निळ्या-हिरव्याला जास्त प्रतिसाद देऊ लागते. पुर्किने या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं. सुनेने पहिल्यांदा कार्ड बघितलं ते याच वेळी, कामाला बसण्यापूर्वी. तिचा डोळा खोटं सांगत नव्हता. रात्री मात्र खोलीतली एलईडी ट्यूब लावली की पिवडीवर लिंबासारखी हिरवट झाक यायची. ट्यूब ६५०० केल्विनची, म्हणजे थंड पांढरी, आणि स्वस्तातली असल्यामुळे तांबड्या छटा नीट दाखवत नव्हती. एकच बोर्ड, एकाच दिवसात मळकट, केशरी आणि हिरवट असा तीन तऱ्हेने दिसला.

या सगळ्यात एक वाक्य सारखं कानावर येत होतं. मोरपंखी बोर्ड समोर आला की सासूबाई म्हणायच्या, "हा काळा कशाला?" आणि सून म्हणायची, "आई, काळा कुठंय? हिरवट निळा आहे." दोघी आपापल्या म्हणण्यावर ठाम. सासूबाईंच्या चष्म्याची चौकशी करताना कळलं की उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. मी त्यांना म्हटलं, "काकू, एकेक डोळा झाकून बघता का?" उजव्या डोळ्याने त्यांनी लगेच सांगितलं, हिरवट निळा. उजवा झाकून डाव्याने बघितलं तर काळपट, शेवाळासारखा. त्यांनी हात इकडून तिकडे करत पुन्हा पुन्हा बघितलं. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "अगं, तू म्हणतेस तसाच आहे की!"

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड आतच अडवतं. मोतीबिंदूत हे आणखी वाढतं. त्याच वेळी बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे एकूणच उजेड कमी पोचतो. बदल इतका हळूहळू होतो की माणसाला स्वतःला कळत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं की मगच दोन डोळ्यांतला फरक उघड होतो. चित्रकार क्लोद मोने याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३मध्ये झालं, त्यानंतर त्याला सगळं जास्तच निळं दिसू लागल्याची तक्रार त्याने केली होती. आमच्या खोलीतला आठवडाभराचा ताण त्या एका तपासणीनंतर बराच हलका झाला. सासूबाई हट्ट करत नव्हत्या आणि सून त्यांना टाळत नव्हती. दोघींना खरोखरच दोन वेगळे रंग दिसत होते.

इथून पुढे निर्णयात माझं मत स्पष्ट झालं: भिंतींना मोरपंखी नको. सुनेलाही मी ते तसंच सांगितलं, आडवळणाने नाही.

रंग किती उजेड परतवतो याचा आकडा असतो, त्याला एलआरव्ही म्हणतात. ठार काळा शून्याजवळ, शुभ्र पांढरा १००जवळ. आमचा मोरपंखी साधारण १२ होता, पिवडी साधारण ५०. छत पांढरं, फरशी करडी धरून या मापाच्या खोलीचा ढोबळ हिशेब मांडला तर तेवढ्याच दिव्यांत पिवडीच्या खोलीत एकूण उजेड सुमारे दीडपट राहतो. एकच उत्तरेची खिडकी, समोर इमारत, आणि आत सुईत दोरा ओवणारी सत्तरी ओलांडलेली बाई. तिथे हा दीडपटीचा फरक रंगाच्या आवडीपेक्षा मोठा आहे.

दुसरं कारण चौकटीचं. गडद दार, गडद कपाट आणि गडद भिंत असली की कडा हरवतात. रात्री उठल्यावर दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते हे दिसायला हवं. ब्रिटनमधल्या सुगम्यतेच्या मानकांत शेजारच्या दोन पृष्ठभागांच्या एलआरव्हीत ३०चा फरक असावा असं सांगतात. मोरपंखी भिंत आणि सागवानी चौकट यांच्यात फरक नावालाच राहिला असता. आणि सासूबाई रात्री भिंतीला हात टेकत जातात. गडद मॅट रंगावर अशा ठिकाणी चमकट डाग पडतात, ओरखडा पांढरा उठतो, आणि नंतर तेवढ्यापुरता रंग लावला तरी ठिगळ दिसतं. खिडकीखालचा लोणा पुन्हा आला असता तर गडद भिंतीवर पांढरी क्षाराची पूड लांबूनही दिसली असती.

रंग उडेल का, हा प्रश्न मुलाने विचारला होता. तो मुद्दा दोन्हीकडे सारखाच. मातकट पिवळ्यात लोहाचं ऑक्साइड असतं, चुन्यात पिवडी घालून भिंती रंगवायचे तेव्हाही तेच, आणि ते उन्हाला दाद देत नाही. मोरपंखीतली थॅलोसायनिन रंगद्रव्यंही पक्की. फरक रंगारीच्या हिशेबात पडतो: गडद रंग ज्या बेसमध्ये कालवतात त्यात पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून जुना क्रीम झाकायला दोन हात पुरत नाहीत, तिसरा लागतो.

मग आला तो ठरलेला तोडगा. तीन भिंती पिवळ्या, एक मोरपंखी. मुलगा, रंगारी, शेजारच्या काकू, सगळ्यांचं यावर एकमत. मी याला ठाम नकार दिला. एका खोलीत दोन तुल्यबळ विरोधी रंग समोरासमोर आणले की शेव्रलने सांगितलेलं तेच घडतं, दोन्ही एकमेकांना चढवतात, आणि दहा फुटांच्या खोलीत त्यापासून डोळ्याला सुटका नसते. शिवाय कोणती भिंत? खिडकीची भिंत गडद केली तर उजळ खिडकी आणि काळोखी भिंत यांच्यात डोळे दिपतात. खिडकीसमोरची भिंत हीच आत आलेला उजेड परत फेकणारी, ती गडद करणं म्हणजे सर्वांत मोठं नुकसान. पूर्वेची भिंत सासूबाईंच्या हात टेकण्याची. राहिली पश्चिमेची, आणि तिथे तर कपाट.

त्या कपाटापाशीच वाट सापडली. सात फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. भिंतींच्या एकूण क्षेत्रफळाच्या साधारण सहावा हिस्सा. सागवानी सनमायका एरवीही सुनेला आवडत नव्हता. कपाट मोरपंखी केलं तर गडद रंग आधीच गडद असलेल्या जागीच येतो, खोलीचा उजेड नव्याने कमी होत नाही. फिक्या भिंतीवर कपाटाची कड स्वच्छ दिसते. दोन रंगांत एक स्पष्टपणे मोठा आणि दुसरा स्पष्टपणे लहान राहतो, त्यामुळे झुंज होत नाही. सुनेचं टेबल पूर्वेकडे सरकवलं की कॅमेऱ्यात तिच्या पाठीमागे कपाटच येतं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कपाट चालेल. पण रंग माझा, त्यात फिकं करायचं नाही." तो शब्द मी पाळला.

पिवडीत मात्र बदल करावा लागला, कारण दुपारचा केशरीपणा सासूबाईंनाही सोसणारा नव्हता. त्याच कुळातली, पण दोन पायऱ्या फिकी आणि किंचित करड्याकडे झुकणारी छटा निवडली. तिचा बोर्ड फक्त दुपारी बाराला तपासला. त्या खोलीची सर्वांत कठीण वेळ तीच होती. तिथे जी छटा निभावली ती बाकीच्या वेळी निभावणारच होती.

दिवे बदलणं हा या कामातला स्वस्तात पडलेला आणि सर्वांत गुणकारी भाग. ६५०० केल्विनची ट्यूब काढून ४००० केल्विनची, ९०च्या वर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा) असलेली लावली, म्हणजे रंग खऱ्याच्या जवळ दिसतात. खिडकीपाशी शिवणकामासाठी मान वळवता येणारा वेगळा दिवा दिला. रंग निवडण्याआधी खोलीतले दिवे नक्की करावेत असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, कारण नंतर दिवे बदलले की रंगही बदलतो.

दिवाळीआधी काम संपवायचा मोह सगळ्यांनाच होता, पण खिडकीखालची भिंत ओली होती. तिथे पॉलिथिनचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी आतून पाण्याचे थेंब. बाहेरच्या बाजूला खिडकीच्या छज्ज्याखाली भेग होती. ती भरून, सुटलेला गिलावा काढून, नवा करून, भिंत सुकू दिली. त्यामुळे दिवाळीत ती खोली अर्धवट होती आणि फराळाची पातेली तिथेच रचून ठेवली होती. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवले असते तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पोपडे आले असते.

दाराच्या चौकटीवरचा तपकिरी रंग घासताना रंगारीला थांबवलं. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि घरात लहान मूल असताना ते कोरडं घासून धूळ उडवणं बरोबर नाही. पाण्याने ओलं करून वॉटरपेपरने घासलं, खोलीचं दार बंद ठेवलं, धूळ ओल्या फडक्याने टिपली. हे थोडं वेळखाऊ आहे, पण नातीसाठी कुणी कुरकुर केली नाही.

भिंतींना मॅट न देता धुता येईल असा हलकी चकाकी असलेला इमल्शन रंग दिला, सासूबाईंच्या हाताच्या डागांसाठी. चकाकी असली की तिरप्या उजेडात गिलाव्याचे उंचसखल भाग दिसतात, म्हणून पुट्टीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. सनमायका घासून, त्यावर धरून बसणारा प्रायमर मारून मग मोरपंखी रंग. कपाटाला तीन हात लागले. भिंतींना तीन लिटरच्या आत काम झालं.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. महिन्याभराने त्यांचा फोन आला: "अगं, भिंत फिकी पडली गं. वर्षही झालं नाही." नमुन्याचा बोर्ड कागदात गुंडाळून कपाटावर ठेवलेला होता. तो काढून भिंतीला लावला तर तसूभर फरक नव्हता. भिंतीवर इतका काळ दिसलेला जास्तीचा पिवळेपणा त्यांच्या भिंगाचा होता. कपाटाविषयी मात्र त्यांची तक्रार नव्हती, उलट शिवताना गोधडीत त्या रंगाचे तुकडे जास्त येऊ लागले आहेत असं नात सांगते.

सुनेचं मत अजून वेगळं आहे. भिंतींची छटा एक पायरी गडद चालली असती असं ती म्हणते, आणि रात्री नव्या दिव्यात बघताना मला तिचं पटतं. दुपारी बाराला पटत नाही. पुढच्या रंगकामाच्या वेळी सासूबाईंचे दोन्ही डोळे स्वच्छ असतील, समोरच्या इमारतीचा रंगही कदाचित बदललेला असेल, तेव्हा बोर्ड पुन्हा फिरवून बघायचे असं तिने आत्ताच बजावून ठेवलं आहे. दोन्ही रंगांचे नंबर कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले आहेत.